गल्लीपोलीचे तेल

इटलीच्या नकाशात त्या देशाच्या टाचेशी जो सपाट, चिंचोळा आणि दोन्ही अंगांनी समुद्राने वेढलेला भूभाग दिसतो, त्याला सालेंतो म्हणतात. आणि या सालेंतोच्या पश्चिम किनाऱ्यावर, आयोनियन समुद्रात शिरलेल्या एका चुनखडीच्या बेटावर, पुलाने मुख्य भूमीशी जोडलेले गल्लीपोली नावाचे एक लहान शहर वसले आहे. पहिल्या महायुद्धात ज्या गल्लीपोलीच्या कड्यांवर हिंदी पलटणी लढल्या, ती गल्लीपोली निराळी. ती तुर्कस्तानात, दार्दनेल्सच्या सामुद्रधुनीवर आहे. इटलीतील या शहराचे नाव दूरदूरच्या देशांत गेले ते तेलाच्या पिंपांवरून. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नेपल्स, लंडन, आम्स्टरडॅम आणि पुढे सेंट पीटर्सबर्ग येथील पेढ्यांत ‘गल्लीपोली तेल’ एवढे दोन शब्द उच्चारले की माल कोणता आणि कोणत्या गुणाचा हे वेगळे सांगण्याचे प्रयोजन उरत नसे. आणि ज्या तेलाची एवढी ख्याती होती ते तेल, भूमध्य प्रदेशातील एका अत्यंत फलदायी भूमीतून निघत असूनही, बव्हंशी खाण्यासाठी नव्हते. ते दिवे जाळण्यासाठी, लोकर ओलवण्यासाठी, साबण शिजवण्यासाठी आणि कापड रंगवण्यासाठी होते. त्या तेलाचे अन्न या दृष्टीने जे हीनत्व होते, ते वृक्षाकडून आलेले नव्हते आणि मातीकडूनही आलेले नव्हते. वृक्षाची जात, भूमीचा व हवेचा गुण आणि फळ हाती घेण्याची वेळ या तीन गोष्टी तेलाची प्रत ठरवतात हे सत्य त्या प्रदेशाला दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते. मग त्याचा विसर कसा पडला आणि तो कोणी पाडला, हा या इतिहासातील खरा प्रश्न आहे.

ऑलिव्हचा वृक्ष आपल्याकडे का होत नाही, याचे उत्तर त्याच्या स्वभावात आहे. त्याला कोरडा, दीर्घ उन्हाळा हवा. हिवाळ्यात कित्येक आठवडे बेताची थंडी हवी, कारण त्या थंडीवाचून त्याच्या कळ्या फुलोऱ्याकडे वळत नाहीत. आणि ती थंडी शून्याखाली दहा अंशांच्या आसपास गेली तर त्याचे खोड फाटते. ज्या महिन्यांत त्याच्या फळात तेल भरायचे, त्याच महिन्यांत महाराष्ट्रावर मृगापासून हस्तापर्यंतचा पाऊस कोसळत असतो. म्हणून त्याचा एक दूरचा आप्त, ज्याला महाबळेश्वर-माथेरानच्या रानांत पारजांभूळ म्हणतात, तेवढा सह्याद्रीने आपल्या अंगावर वाढू दिला. खुद्द तेलवृक्ष मात्र दीर्घकाळ भूमध्य समुद्राभोवतीच राहिला. थेओफ्रास्तस या ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञाचे मत असे होते की हा वृक्ष समुद्रापासून चाळीस मैलांपलीकडे जगतच नाही. ते मत पुढे खोटे ठरले, पण सालेंतोला पाहून ते कोणालाही पटावे, कारण तेथे कोणतेही शेत समुद्रापासून फार दूर नाही.

सालेंतोची जमीन म्हणजे चुनखडीच्या खडकावर पसरलेला तांबड्या मातीचा थर. कोठे हातभर खोल, कोठे इतका पातळ की नांगराच्या फाळाला दगड लागावा. नद्या जवळजवळ नाहीत; पाऊस पडतो तो हिवाळ्यात आणि खडकाच्या भेगांतून खाली उतरतो. अशा भूमीत दोन जातींनी शतकानुशतके राज्य केले: एक ओल्यारोला आणि दुसरी नार्दो या गावाच्या नावाने ओळखली जाणारी चेल्लीना. दोन्ही जातींचे वृक्ष प्रचंड वाढणारे. खोड पिळवटलेले, आतून पोकळ, वयाने कित्येक शतकांचे. फळ मात्र लहान. उंच झाड आणि बारीक फळ या संयोगाचे परिणाम पुढे या प्रदेशाच्या नशिबावर फार खोल उमटले. तोडणाऱ्याचा हात जेथे पोहोचत नाही, आणि पोहोचला तरी एका फळाने मूठ भरत नाही, तेथे माणूस सहजच वाट पाहू लागतो की फळ आपण होऊन खाली पडावे.

रोमन शेतकऱ्याने अशी वाट पाहणे हा दोष मानला होता. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मार्कस कातो याने शेतीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात ऑलिव्हच्या जातींची नामावळी आहे आणि त्या नामावळीत ‘सालेंतीना’ म्हणजे याच भूमीच्या नावाची एक जात आहे. उष्ण आणि सकस जमिनीत कोणत्या जाती लावाव्या हे सांगून तो म्हणतो की थंड आणि हलक्या जमिनीत लिचिनियन जात लावावी. तीच जर भारी वा उष्ण जमिनीत लावली तर उतारा वाईट पडेल, फळाच्या भाराने झाड खचेल आणि त्यावर तांबडे शेवाळ चढेल. त्याशिवाय तो एक असा सल्ला देतो ज्याची किंमत मला सगळ्या नामावळीहून अधिक वाटते: ज्या गावी लागवड करायची, त्या गावचे लोक जी जात उत्तम म्हणतील तीच अधिक लावावी. जातीचा गुण हा भूमीवाचून सांगता येत नाही, ही जाण यात पूर्णत्वाने आहे. फळ झाडावर पिकताच काढावे, जमिनीवर वा कोठीत पडू देऊ नये, असेही तो बजावतो. आणि त्याबरोबरच एक गोष्ट उघड करून ठेवतो की गडी-मजुरांना गळलेली फळे जास्त हवी असतात कारण त्यांचे वेचण्याचे काम वाढते, आणि घाणेकऱ्याला फळे साठून मऊ झालेली हवी असतात कारण दळणे सोपे जाते. साठवणीत तेल वाढते या त्यांच्या बोलण्यावर धन्याने विश्वास ठेवू नये, असा त्याचा स्पष्ट इशारा आहे.

त्याच्यामागून सुमारे दोन शतकांनी कोलुमेल्ला, जो स्पेनमधील गादेस म्हणजे आजच्या कादिझचा, त्याने तेलाचे हंगामावरून प्रकार पाडले: कच्च्या फळाचे कडू तेल, हिरव्या तेलाचा मधला प्रकार आणि पूर्ण पिकल्या फळाचे तेल. पैकी हिरवे तेल पुरेसे निघते आणि त्याच्या भावाने धन्याचे उत्पन्न जवळजवळ दुप्पट होते, हा त्याचा हिशेब होता. त्याचा समकालीन प्लिनी याने वेनाफ्रूम गावच्या लिचिनियन तेलाला इटलीत पहिला मान दिला, इस्त्रिया आणि दक्षिण स्पेनमधील बेतिका या प्रांतांना त्याखालोखाल एका पंक्तीत बसवले, आणि वेनाफ्रूमची जमीन खडीची असूनही तेथे ऑलिव्ह उत्तम होतो व बेतिकाची जमीन अत्यंत सकस असूनही तेथेही उत्तम होतो, हे परस्परविरोधी वाटणारे निरीक्षण कोणताही नियम लादण्याचा मोह टाळून जसेच्या तसे नोंदवले. मद्याला वयाने चव येते, तेलाला नाही, हेही त्याने सांगून ठेवले. इसवी सन ३०१ मध्ये सम्राट दायोक्लेशियनने भावबंदीचे जे फर्मान काढले, त्यात तेलाच्या तीन प्रती आहेत आणि त्यांचे भाव ४०, २४ आणि १२ दिनार असे लावले आहेत. म्हणजे सरकारी दप्तरातसुद्धा उत्तम आणि सामान्य तेलात तिपटीहून अधिक अंतर मान्य होते. ज्या समाजात प्रतीला असा भाव मिळतो, तेथे लबाडीही येणारच. अपिसियसच्या नावावर असलेल्या पाकग्रंथात स्पेनच्या तेलात काही मुळ्या आणि तमालवर्गीय झाडाची कोवळी पाने घालून ते इस्त्रियाशेजारच्या लिबुर्नियाचे म्हणून खपवण्याची कृती दिली आहे, आणि तिच्यावरून सामान्य गिऱ्हाइकालाही प्रदेशाप्रदेशाच्या तेलाचा स्वाद ओळखू येत असला पाहिजे असे अनुमान निघते, कारण ज्याची पारख नाही त्याची नक्कल कोणी करीत नाही.

हे ज्ञान रोमन साम्राज्याबरोबर बुडाले असे म्हणणे सोपे आहे, परंतु ते खरे नाही. झाडे राहिली, गावे राहिली. बदलले ते गिऱ्हाईक. सोळाव्या शतकात नेपल्सच्या राज्यावर स्पेनचा अंमल आला, व्हेनिस व जिनोवाच्या आणि मागाहून इंग्लंड-हॉलंडच्या व्यापाऱ्यांनी दक्षिण इटलीच्या बंदरांत वखारी मांडल्या, आणि उत्तरेकडील वाढत्या शहरांना, गिरण्यांना व प्रार्थनामंदिरांना तेलाची जी तहान लागली ती जिभेची नव्हती. दिव्याला लागणारे तेल निवळ असावे, धूर करू नये, वास मारू नये. कडू आहे की गोड, ताजे आहे की आंबलेले, हे दिव्याला कळत नाही. रशियात तर पवित्र चित्रांपुढील समयांत हेच तेल जळत असे. लोकर पिंजण्यापूर्वी तिला जे तेल लावायचे, त्यालाही चव लागत नाही. मार्सेयच्या साबणाच्या कढईत तर आम्ल अधिक असले तरी काही बिघडत नाही.

गल्लीपोलीला हा व्यापार मिळाला याचे श्रेय तिच्या खडकाला आहे. शहराखालील दगड इतका मऊ की त्यात हौद कोरता येत, आणि त्या थंड हौदांत महिनोन्‌महिने स्थिर राहिलेल्या तेलाचा गाळ तळाशी बसून वरचे तेल पिवळेधमक व पारदर्शक होत असे. खेचरांच्या पाठीवर कातडी बुधल्यांतून सगळ्या सालेंतोचे गढूळ तेल येथे यावे, हौदात निवळावे आणि पिंपांत भरून गलबतांवर चढावे, असा क्रम होता. परदेशी राज्यांचे वकील या चिमुकल्या बेटावर येऊन राहिले. नेपल्सच्या पेढ्यांनी या व्यापारावर पतपेढीचा एक डोलाराच उभा केला: शेतकऱ्याला हंगामापूर्वी उचल द्यायची, आणि त्याने पुढे द्यायच्या तेलाचा भाव हंगामात गल्लीपोलीला जो जाहीर होईल त्यावरून कापायचा, अशा वायद्याच्या करारांना तेथे निराळे नाव होते, आणि हौदातील तेल देण्याचे जे लेखी हुकूम निघत, ते हुंडीसारखे एका हातातून दुसऱ्या हातात फिरत. हौदात कोणाचे तेल कोणाच्या तेलात मिसळले हे कोणी विचारीत नव्हते आणि विचारण्याचे कारणही नव्हते. मापाने देणे आणि मापाने घेणे हाच साऱ्या व्यवहाराचा पाया होता, आणि त्या पायावर ओल्यारोला व चेल्लीना, खडकाळ शेत व सखल शेत, मार्गशीर्षातले फळ व फाल्गुनातले फळ या सर्व भेदांना शून्य किंमत होती. माझ्या मते सालेंतोच्या तेलाचा ऱ्हास या हौदांत झाला. गाळ बसवणाऱ्या हौदाने तेल निवळले, पण त्यातून प्रदेशाचे, जातीचे आणि शेतकऱ्याच्या काळजीचे चिन्हही निवळून गेले.

हौदात येण्यापूर्वी त्या तेलाचे काय होत असे हे पाहण्यासाठी जमिनीखाली उतरले पाहिजे, कारण तेथील घाणे खडकात कोरलेल्या तळघरांत असत. त्यांना त्राप्पेतो म्हणत. भूगर्भात ऊब टिकते आणि ऊब नसेल तर हिवाळ्यात तेल थिजून वाहत नाही, हा या रचनेचा हेतू. कार्तिकाच्या सुमारास गडी खाली उतरत ते वसंतात वर येत; डोळ्यांवर झापड बांधलेले खेचर दगडी चाक फिरवी; धूर, ओल आणि जनावराचा वास यांतच माणसे जेवत आणि निजत. त्यांच्या मुकादमाला तांडेल या अर्थाच्या जुन्या ग्रीक शब्दावरून आलेले नाव होते. वर प्रकाशात स्त्रिया झाडांखालची बडवून टणक केलेली जमीन झाडून गळलेली फळे गोळा करीत, आणि ती फळे घाण्याची पाळी येईपर्यंत तळघराच्या कोठारांत ढिगाने पडून राहत. पाळी लवकर येत नसे, कारण घाणे थोडे आणि त्यांतील कित्येकांवर जहागीरदारांचा हक्क. रयतेने आपले फळ सरकारी वा जहागिरीच्या घाण्यावरच आणावे अशी सक्ती होती, आणि ती सक्ती १८०६ साली जहागीरदारी हक्क खालसा होईपर्यंत कायद्याने टिकली. ओल लागलेल्या पेवातील जोंधळा जसा आतून तापतो, तसा तो ढीग तापे. कातोने ज्या दोन माणसांपासून धन्याला सावध केले होते, त्यांचेच राज्य येथे तीन शतके चालले, आणि धनीही त्यांत सामील झाला, कारण त्याला मिळणारा भाव मापावर होता.

या व्यवहाराची एक शाखा आपल्या मुंबईपर्यंत पोहोचली होती. सुताला जो गडद आणि धुण्याने न जाणारा लाल रंग ‘तुर्की लाल’ म्हणून प्रसिद्ध होता, तो चढवण्यापूर्वी सूत तेल आणि सोड्याच्या पाण्याच्या दुधासारख्या मिश्रणात वारंवार भिजवावे लागे. ताजे, गोड तेल या मिश्रणात नीट मिसळत नाही, आम्लाने भरलेले खवट तेलच मिसळते. म्हणून रूआँ, एल्बरफेल्ड आणि ग्लासगोच्या रंगाऱ्यांना गल्लीपोलीचे तेल तेच हवे असे ज्याला खाणाऱ्याने नाक मुरडावे. स्कॉटलंडात लेव्हेन नदीच्या खोऱ्यात रंगवलेले आणि मोरांच्या व हिंदू देवतांच्या आकृतींनी छापलेले लाल कापड एकोणिसाव्या शतकात मुंबई व कलकत्त्याच्या बाजारांत मोठ्या प्रमाणावर येत होते, आणि ज्या देशात आलाच्या मुळांनी खारवे रंगवण्याची विद्या होती तेथे ते विकले जात होते. १८७० नंतर मात्र गंधकाम्लाने संस्कारलेल्या एरंडेलाने ऑलिव्हच्या तेलाची जागा घेतली, आणि इंग्लंडला जाणाऱ्या एरंडीचा मोठा वाटा हिंदुस्थानचाच होता. सालेंतोच्या सडक्या फळाला एक गिऱ्हाईक असे गमवावे लागले.

पण त्याच्या शंभर वर्षे आधीच गल्लीपोलीत एक माणूस असा झाला होता ज्याने हे सारे मुळापासून चुकीचे आहे असे सांगितले. जोव्हान्नी प्रेस्ता हा १७२० साली तेथेच जन्मलेला आणि तेथेच वैद्यकी करणारा गृहस्थ. त्याने रोमन ग्रंथ बारकाईने वाचले, आपल्या प्रदेशातील जाती झाडाझाडाशी जाऊन पाहिल्या, कातो-प्लिनीच्या नावांशी त्या ताडून पाहिल्या, आणि निरनिराळ्या फळांचे तेल स्वतः काढून ते वेगवेगळे ठेवले. १७८८ साली त्याने नेपल्सचा राजा चौथा फर्दिनांद याला तेलाचे ६२ नमुने सादर केले आणि त्यांवर एक निबंध लिहिला. या आकड्याचा अर्थ ध्यानात घेतला पाहिजे. ज्या बंदरात सगळ्या प्रांताचे तेल एका हौदात ओतण्याची रीत होती, तेथल्याच एका वैद्याने बासष्ट वेगवेगळी तेले राजापुढे मांडावी, हे त्या व्यवस्थेला दिलेले उत्तर होते. आणि ते शब्दांत नव्हते, ज्याला जीभ आहे अशा कोणालाही तपासून पाहता येईल असे होते. १७९४ साली नेपल्सला त्याचा ऑलिव्हवृक्ष, त्याचे फळ आणि तेल काढण्याची रीत यांवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. फळ हाताने तोडा, ते कुजू देऊ नका, तोडल्याबरोबर दळा, भांडी स्वच्छ ठेवा, ही त्याची मागणी होती. सालेंतोच्या झाडाला वा मातीला त्याने दोष दिला नाही. तीन वर्षांनी तो वारला. त्याचे ऐकले गेले नाही, आणि याबद्दल त्याच्या देशबांधवांना अडाणी ठरवणे अन्यायाचे होईल. उचल घेतलेला शेतकरी, मापावर मजुरी घेणारी वेचणारीण, मक्त्याचा घाणा आणि निवळ तेलापलीकडे काही न मागणारा लंडनचा व्यापारी, या चौघांपैकी एकालाही उत्तम तेलाचा एक पैसा अधिक मिळत नव्हता.

उत्तरेस शंभर-सव्वाशे मैलांवर, बारी शहराच्या आसमंतात, हेच गणित निराळे सुटले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रोव्हान्समधील एक्स नगराचा प्येर रावानास नावाचा फ्रेंच व्यापारी तेथे आला. त्याने जलशक्तीने दाबणारी नवी यंत्रे आणली, हाताने तोडलेले ताजे फळ तात्काळ दळण्याची रीत घातली, आणि खाण्याच्या तेलाची मागणी असलेल्या बाजारपेठांशी त्या भागाला जोडून दिले. बारीच्या भागातील कोरातीना ही जात, जिचे फळ मोठे आणि तेल कडवट, घशाला झोंबणारे, ती तेव्हापासून नावारूपाला आली. सालेंतो आणि बारी दोन्ही ज्यात मोडतात त्या एकाच पुलिया प्रांतात, त्याच चुनखडीवर, त्याच उन्हात एका टोकाला अन्नाचे तेल आणि दुसऱ्या टोकाला दिव्याचे तेल अशी विभागणी पडली ती पडलीच. पुढे कोळशाच्या वायूने आणि पेनसिल्व्हेनियाच्या खनिज तेलाने दिवे काबीज केले, आणि गल्लीपोलीचे हौद रिकामे पडू लागले.

प्रेस्ताने जिभेने आणि निरीक्षणाने जे जाणले होते, त्याचे कारण रसायनशास्त्राने पुढे दिले. फळ शाबूत असते तोवर त्याच्या पेशींतील तेल आणि ते फोडणारी विकरे एकमेकांपासून अलग असतात; फळ आपटले, किडले वा सडले की पडदे फाटतात, तेलाचे घटक सुटून मुक्त आम्ल वाढते, आणि ढिगात जिवाणू-बुरशींचे राज्य सुरू होऊन तेलाला कुबट वास येतो. किनाऱ्याच्या सौम्य हवेत ऑलिव्हची माशी थंडीने मरत नाही, ती फळात अंडी घालते, आणि त्यामुळे गळ व सड दोन्ही वाढतात. हा एक दोष मात्र सालेंतोच्या हवेला खरोखर लावता येतो. उलट बाजूने, फळ हिरवे असते तेव्हा त्यात पॉलिफेनॉल जातीची जी कडू, तुरट द्रव्ये असतात, ती तेलाला टिकाऊ करतात आणि घशाशी जी आग होते तीही त्यांचीच. फळ काळे पडत जाते तसतशी ती उतरतात, तेल अधिक निघाल्यासारखे दिसते, पण त्यातील बराच भाग फळाचे पाणी आटल्यामुळे वाढलेला भासतो. कोलुमेल्लाने ज्या हिरव्या तेलाला दुप्पट भावाचे म्हटले, त्याचे मर्म येथे आहे.

जात आणि हवा यांचा हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे. कोरातीना आणि स्पेनमधील पिक्वाल या जातींत ती कडू द्रव्ये भरपूर असतात, म्हणून त्यांचे तेल महिनोन्‌महिने टिकते. कॅटलोनियाच्या आर्बेका गावची आर्बेकीना ही जात गोड, मृदू तेल देते, पण ते लवकर जुने होते. पाण्याचा थोडा ताण पडला तर त्या द्रव्यांचे प्रमाण वाढते, पाटाचे पाणी सढळ दिले तर घटते; म्हणून खडीच्या वेनाफ्रूमचे कौतुक करणारा प्लिनी नुसत्या रुचीवरून ज्या निष्कर्षाला पोहोचला त्याला आधार आहे. उष्णतेचा परिणाम तर अधिकच स्पष्ट दिसतो. ज्या ओलेइक आम्लावर या तेलाची थोरवी उभी आहे, ते थंड वा उंच जागी अधिक साठते आणि तेल भरण्याच्या काळात हवा तापलेली असेल तर घटते. कॅटलोनियात सत्तर टक्क्यांच्या आसपास ओलेइक आम्ल देणारी आर्बेकीना अर्जेंटिनातील कातामार्काच्या उष्ण मैदानांत नेली तेव्हा ते प्रमाण ५५ टक्क्यांच्याही खाली गेले, आणि ५५ ही आंतरराष्ट्रीय नियमाने ठरवलेली किमान मर्यादा असल्यामुळे शुद्ध, ताज्या, अस्सल तेलाला ‘ऑलिव्हचे तेल’ म्हणून विकण्यात अडचण उभी राहिली. थंड जमिनीची लिचिनियन उष्ण जमिनीत नेऊ नका, असे सांगणाऱ्या कातोपुढे हा खटला ठेवला असता तर त्याला त्यात नवल वाटले नसते.

कायद्यानेही आपल्या परीने या इतिहासाची नोंद ठेवली आहे. इटलीत १९६० सालच्या कायद्याने ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ हा दर्जा ठरला आणि त्यासाठी आम्लतेची मर्यादा एक टक्का ठेवली गेली. आज युरोपात ती ०.८ आहे, आणि १९९१ पासून तज्ज्ञांच्या जिभेची परीक्षाही कायद्याने आवश्यक केली आहे. दोन टक्क्यांवर आम्लता गेली की ते तेल शुद्धीकरणाच्या कारखान्यातून काढल्यावाचून खाण्यास विकता येत नाही. या सर्वांत खालच्या वर्गाचे अधिकृत नाव ‘लांपांते’, म्हणजे दिव्याचे तेल. ज्या काळी युरोपात या तेलाचा दिवा सहसा कोणी लावीत नाही, त्या काळच्या राजपत्रातही गल्लीपोलीच्या धंद्याचे नाव हीन प्रतीची संज्ञा म्हणून शिल्लक आहे. सालेंतोच्या जुन्या बागांतून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या वर्गाचे तेल पुष्कळ निघत राहिले. पण त्याच शेवटच्या दशकांत काही शेतकऱ्यांनी आश्विनातच जाळ्या आणि यंत्राच्या फण्या घेऊन चेल्लीना व ओल्यारोला वेळेवर उतरवल्या, त्याच दिवशी दळल्या, आणि उत्तम, सुगंधी, कोणत्याही परीक्षेला उतरणारे तेल काढले. प्रेस्ताने दोनशे वर्षांपूर्वी जे म्हटले होते ते त्या जुन्या, पोकळ खोडांच्या झाडांनीच सिद्ध करून दाखवले.

ते सिद्ध व्हायला आणि झाडे जायला एकच गाठ पडली, ही या कथेतील अत्यंत दुःखाची गोष्ट. गल्लीपोलीच्याच आसपासच्या बागांत झाडांचे शेंडे करपल्यासारखे दिसू लागले, आणि २०१३ साली तपासात झायलेला फास्टिडिओसा हा अमेरिका खंडातील जिवाणू निघाला. तो झाडाच्या रसवाहिन्यांत वाढून त्या कोंदवतो, गवतावर फेसाच्या थेंबात वाढणारा एक छोटा तुडतुडा त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, आणि त्यावर उपाय सापडलेला नाही. चेल्लीना आणि ओल्यारोला याच दोन जाती त्याला सर्वांत लवकर बळी पडतात. लक्षावधी झाडे वाळली. ज्यांनी व्हेनिसची आणि इंग्लंडची गलबते भरली होती तीही त्यांत गेली. एका प्रदेशाने दोनच जातींवर सारी भिस्त ठेवावी, याची किंमत येथे एकदम चुकवावी लागली. रोमन शेतकऱ्याच्या नामावळीत नावे पुष्कळ होती, आणि ती उगाच नव्हती.

नव्या लागवडीला आरंभी दोनच जातींची परवानगी मिळाली, कारण त्या दोन या जिवाणूपुढे तग धरतात: एक लेच्चीनो, जी तस्कनीच्या थंड टेकड्यांवरील म्हणून ओळखली जाते, आणि दुसरी फाव्होलोझा, जी प्रयोगशाळेत निवडून काढलेली आहे. दोन्ही जातींची फळे यंत्राने वेळेवर उतरवता येतात, तेव्हा गळलेली फळे वेचण्याचा जुना प्रघात आता कायमचा संपेल असे मानण्यास हरकत नाही. परंतु तस्कनीच्या थंडीत तयार झालेल्या जातीचे तेल सालेंतोच्या तांबड्या, तापलेल्या मातीत कसे उतरेल, हे त्या मातीनेच सांगावयाचे आहे, आणि एका पिढीच्या हंगामांवाचून ते कळणार नाही. दरम्यान बारीचे शास्त्रज्ञ मेलेल्या बागांच्या बांधांवर, पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून उगवलेली आणि रोगाच्या भर वस्तीत हिरवी राहिलेली रोपे शोधून त्यांची परीक्षा करीत आहेत. त्यांतील काही जुन्या चेल्लीना-ओल्यारोलाच्या वंशाची निघतील असा संभव आहे. आज त्यांची कसोटी रोगापुढे टिकण्याची आहे. त्यांचे तेल कसे हे पाहण्याची वेळ फळ आल्यावर येईल, आणि तेव्हा ते प्रत्येक रोपाचे निराळे काढून, निराळ्या बाटलीत ठेवून चाखावे लागेल.